दालन वाजवून घ्यावं

मडकं विकत घेताना आपण ते बोटाच्या पेराने वाजवून घेतो. आकार डोळ्यांना पटलेला असतो, पण आतली चीर कानालाच कळते. कर्जत आणि खालापूर या शेजारच्या दोन तालुक्यांत दालनांना असं वाजवत निघालं, तर दोन हजार वर्षांचा मागोवा एका दिवसाच्या फेरीत घेता येतो. कर्जतकडे कोंडाण्याची लेणी, खालापूरकडे चौकजवळचा एन. डी. स्टुडिओ. पहिल्या ठिकाणी दगडाने लाकडाचं सोंग घेतलंय, दुसऱ्या ठिकाणी प्लायवूडने दगडाचं. दोन्हीकडे डोळे फसतात. कान फसत नाहीत.

कोंडिवडे गावातून राजमाचीकडे चढणारी वाट कोंडाण्यावरून जाते. इथला चैत्य इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. सुमारे ६६ फूट लांब, २६ फूट रुंद, २८ फूट उंच. दर्शनी भागावर तुळया, जाळ्या, कमानी कोरल्या आहेत. दगडाला तुळयांची काहीच गरज नव्हती. पण कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी मंडप होता आणि त्यांनी तो कातळात उतरवला. शेजारच्या ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बालक याने हे केल्याचं नोंदलं आहे.

नजरेला मंडप जुनाच राहिला, नाद मात्र पार बदलला. याच परिसरातल्या जुन्या घरांचा कारवीचा कूड, गवताचं छप्पर, सारवलेली जमीन आठवून पाहा. अशा घरात बोललेला शब्द जागच्या जागी जिरतो. कातळ आवाज जवळजवळ पीतच नाही, आला तसा परत करतो. वरची अर्धगोल कमान तो गोळा करून खाली पाठवते, स्तूपामागची वळणदार भिंत पुढे ढकलते. मध्येच स्तूपाचा गोल घुमट त्याला चहूकडे विखुरतो. आकार पूजेचा आणि प्रदक्षिणेचा होता, नाद त्याच्या मागून आला. तालुक्यातच आंबिवलीचं लेणं पाहिलं की फरक लगेच कळतो. तिथे चौकोनी दालन, सपाट आणि सखल छत. आवाज वर जातो न जातो तोच खाली येतो.

नववीच्या पुस्तकात आपण शिकलो होतो की प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी अडथळा निदान १७.२ मीटरवर हवा. कोंडाण्याचा चैत्य सुमारे २० मीटर खोल. म्हणजे तोंडाशी उभं राहणारा त्या मर्यादेच्या थोडा पलीकडे असतो. तो आत सरकला की परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि उरतो तो निनाद.

पण बालकाच्या काळचा निनाद आज मिळत नाही. तोंडावरचा पडदा गेला, बरेच खांब तुटले, छताच्या लाकडी फासळ्या नाहीशा झाल्या. कार्ल्याला त्या अजून टिकून आहेत. ही पडझड नादाच्या हिशोबात कशी मांडायची, याचं उत्तर फार दूरच्या एका खोलीतून आलं. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा, शब्द एकमेकांवर चढायचे. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून तिथे मांडल्या आणि निनाद किती घटतो ते मोजलं. सूत्र निघालं: दालन जितकं मोठं तितका निनाद लांब, आवाज पिणारं जितकं जास्त तितका आखूड. शोषणाचं माप म्हणून त्याने उघडी खिडकी घेतली. खिडकीतून गेलेला आवाज परत येतच नाही. त्या मापाने कोंडाण्याचं अख्खं तोंड आज एक उघडी खिडकी आहे.

नाद डोळ्यांना दाखवायची धडपड तर त्याही आधीची. १७८७ मध्येच क्लाडनी या संशोधकाने पत्र्यावर वाळू पसरून आणि व्हायोलिनचा गज फिरवून कंपनांच्या आकृत्या काढल्या होत्या. सॅबाइनने १९१३ च्या सुमारास नाट्यगृहांच्या छोट्या प्रतिकृतींत ठिणगी पाडून ध्वनिलहरींचे फोटोच घेतले. भिंतीला आपटून वळलेली लाट त्यात रेघेसारखी उमटली. सी. व्ही. रामन यांनी १९२२ च्या सुमारास विजापूरच्या गोल घुमटातली कुजबुज अभ्यासली. गोलाकार भिंतीला चिकटून आवाज कसा सरपटत जातो, हा त्यांचा प्रश्न होता. मुंबईत १९८० मध्ये टाटा थिएटर उभं राहिलं, तेव्हा ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस आणि वास्तुकार फिलिप जॉन्सन यांनी मायक्रोफोनशिवाय ऐकू यावं म्हणून भिंती आणि छत दुमडून घेतलं. तिथे प्रेक्षक ज्याला नक्षी समजतो ती आवाजाची वाट आहे.

खालापूरकडची गोष्ट याच्या बरोबर उलटी. २००५ मध्ये कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी इथे स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चे महाल इथे उठले, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेचे बुरूजही. सांगाडा, प्लाय, पीओपी, वर दगडाचा रंग. पडद्यावर शंका घेणारा सापडणार नाही. पण अशा भिंतीवर बोटाचं पेर आपटलं की ती पोकळ वाजते. बरेचदा सेटला छतही नसतं, म्हणजे पुन्हा तीच उघडी खिडकी. महालाचा घुमारा नंतर ध्वनिसंकलनात घालावा लागतो. २ ऑगस्ट २०२३ रोजी याच स्टुडिओत देसाई यांचा मृत्यू झाला. पुढे स्टुडिओ राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला.

आता ही दोन टोकं जुळवण्याची सोय झाली आहे. दगडी दालनात फुगा फोडायचा, तो ‘फट्’ आणि त्यामागचा निनाद रेकॉर्ड करायचा, आणि संगणकात कोरड्या संवादावर चढवायचा. त्याच रेकॉर्डिंगचा आलेख काढला तर दालनाची आकृती समोर येते: आधी सरळ आलेला आवाज, मग एकेका भिंतीचं उत्तर, शेवटी विरत जाणारं शेपूट. कोंडाण्याचा नाद चौकच्या महालाला असा उसना देता येईल. दगड झालेल्या लाकडाचा आवाज, दगड झालेल्या प्लायवूडला.

जायचं तर पावसाळा उलटल्यावर जा. पावसात लेण्याच्या तोंडावरून धबधबा कोसळतो आणि त्याच्या गाजेपुढे कुणाचं काही चालत नाही. एक टाळी तोंडाशी वाजवा, दुसरी स्तूपाजवळ. टाळी एकच, उत्तरं दोन.