नदीने नेलेला, देवाने राखलेला देवदार

१९४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी हडप्प्याच्या एका दफनभूमीत उत्खनन केले. तिथल्या एका थडग्यात मृतदेह लाकडी पेटीत ठेवलेला होता. लाकूड कुजून गेले होते, पण उरलेल्या अवशेषांवरून त्याची जात ओळखता आली. पेटी शिसवी लाकडाची होती आणि झाकण देवदाराचे. शिसवीच्या कुळातली झाडे पंजाबच्या मैदानात सापडतात, देवदार तिथे वाढत नाही. तो वाढतो शेकडो किलोमीटर दूर, हिमालयाच्या उतारांवर. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते झाड डोंगरात तोडले असणार आणि बहुधा रावीच्या पाण्यात सोडून दिले असणार. एवढे जड ओंडके मैदानात आणायला दुसरी वाट नव्हती.

देवदाराचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो. नदी जिथे जवळ होती तिथला देवदार गेला. उरला तो दोन ठिकाणी. एक, जिथून ओंडका पाण्यापर्यंत नेणे परवडत नव्हते; आणि दुसरे, जिथे झाड देवाचे होते.

देवदार हा सूचिपर्णी वृक्ष. त्याच्या वंशात जगभर मिळून चारच जाती मानल्या जातात. ॲटलास पर्वतातली, सायप्रसमधली आणि लेबनॉनमधली या तिन्ही भूमध्य समुद्राच्या आसपासच्या. चौथी हिमालयातली, आणि मधे हजारो किलोमीटर काही नाही. आपला देवदार पूर्व अफगाणिस्तानपासून पश्चिम नेपाळपर्यंत, साधारण १,५०० ते ३,२०० मीटर उंचीवर आढळतो. हिवाळ्यात बर्फ हवे आणि पावसाळा फार मोठा नको, अशी त्याची मागणी. म्हणूनच धो धो पावसाच्या सिक्कीम-अरुणाचलात तो आपणहून उगवत नाही. पन्नास मीटर उंची आणि दोन-तीन मीटर व्यासाचे खोड ही जुन्या झाडांची मापे. पाकिस्तानचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे आणि हिमाचल प्रदेशाचा राज्यवृक्ष.

बहुतेक सूचिपर्णी झाडांचे परागकण वसंतात उडतात. देवदाराचे उडतात शरद ऋतूत. मादी शंकू फांदीवर पिंपासारखे ताठ उभे असतात आणि पिकायला त्यांना वर्षभर लागते. पिकल्यावर ते पाइनच्या शंकूसारखे अखंड खाली पडत नाहीत. झाडावरच त्यांचे एकेक खवले सुटते, पंख असलेले बी वाऱ्यावर जाते आणि फांदीवर नुसती दांडी उरते. जंगलात देवदाराचा अखंड पिकलेला शंकू शोधत हिंडणाऱ्याची निराशा होते ती यामुळे.

महाराष्ट्राच्या जंगलात एकही सूचिपर्णी वृक्ष नैसर्गिकरीत्या वाढत नाही. आपल्या बागांतले ‘ख्रिसमस ट्री’ बाहेरून आलेले पाहुणे. साऱ्या द्वीपकल्पात अशी एकच जात आहे, तीही सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या दमट जंगलात, आणि तिची पाने इतकी रुंद की पाहणाऱ्याला ती सूचिपर्णी वाटतच नाही. पण हे नेहमीच असे नव्हते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरजवळच्या टाकळी गावच्या खडकांतून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. दख्खनचा लाव्हा थरांवर थर साचत होता, त्या मधल्या काळातले हे खडक, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांत सूचिपर्णी झाडांचे शंकू होते. १९३१ मध्ये पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी त्यांचा अभ्यास करून एका शंकूला गावावरूनच ‘टाकलिओस्ट्रोबस’ असे नाव दिले. विदर्भाच्या उन्हात हे वाचताना खरे वाटत नाही, एवढे मात्र मान्य करतो.

देवदाराच्या लाकडात सुगंधी तेल असते. वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. हिमालयातल्या माणसाने हे ओळखून आपले सगळे बांधकाम त्यावर बेतले. हिमाचलातली काठकुणी पद्धत त्यातली सर्वांत देखणी. देवदाराच्या तुळयांचा एक थर, त्यावर घडीव दगडांचा थर, पुन्हा तुळया. मधे ना चुना ना सिमेंट. कोपऱ्यात तुळया एकमेकींत अडकवलेल्या. जमीन हलली की भिंत थोडी हलते आणि पुन्हा बसते. बंजार खोऱ्यातली चेहनी कोठी ही अशी मनोऱ्यासारखी इमारत. १९०५ च्या कांगडा भूकंपात तिचे वरचे मजले गेले, पण उरलेला उंच मनोरा अजून उभा आहे. चंबा भागात भरमौरच्या लक्षणादेवी मंदिराचे कोरीव लाकूडकाम सातव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. तेराशे वर्षे बर्फ आणि ऊन सोसलेले लाकूड हाताशी पाहायला मिळते अशी ठिकाणे भारतात फार नाहीत. श्रीनगरच्या जामा मशिदीचे छत देवदाराच्या ३७८ खांबांनी पेललेले आहे. ही मशीद चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, तीनदा आगीत सापडली, आणि दर वेळी काश्मीरच्या जंगलाने तिला पुन्हा खांब दिले. दल सरोवरातल्या हाउसबोटीही देवदाराच्याच.

हे सारे वापरणे होतेच, पण ते कुऱ्हाडीच्या आणि पाठीवरच्या ओझ्याच्या वेगाने होते. शिवाय त्याला देवाचा लगाम होता. हिमाचलात गावदेवतेच्या नावाने राखलेली वने आहेत. तिथून फांदीही देवतेला विचारल्याशिवाय नेत नाहीत. मनालीचे हिडिंबा मंदिर १५५३ मध्ये अशाच देवदारांच्या राईत बांधले गेले. आज चारी बाजूंनी हॉटेले चढली आहेत, तरी राई टिकून आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात तर एक देवदार शिवाचा मानलेला मुलगा आहे. पार्वतीने त्याला पाणी घालून वाढवले; रानहत्तीने अंग घासून त्याची साल काढली तेव्हा तिला स्कंदालाच जखम झाल्यासारखे दुःख झाले. म्हणून त्याच्या रक्षणाला सिंह नेमला, आणि त्या सिंहाशी दिलीप राजाची गाठ पडते. झाडाला पहारेकरी नेमण्याची ही कल्पना कालिदासाला कुठल्या देवराईत सुचली असेल, असे मला नेहमी वाटते.

आपल्याकडे देवदार आला तो औषधातून आणि श्रद्धेतून. बाळंतिणीच्या देवदार्वादी काढ्यात पहिले नाव त्याचेच. आणि बारा ज्योतिर्लिंगांतला नागेश दारुकावनात आहे असे परंपरा सांगते. आपण तो औंढा नागनाथला मानतो, गुजरात द्वारकेजवळ. अल्मोड्याजवळच्या जागेश्वरचे पुजारी मात्र भोवतीच्या देवदारांकडे बोट दाखवून हेच दारुकावन म्हणतात. निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. झाडांच्या बाबतीत जागेश्वरची बाजू भक्कम आहे, इतकेच.

१८५० नंतर भारतात रेल्वे पसरू लागली आणि देवदाराचे दिवस फिरले. एका मैलाच्या रुळांखाली सतराशे ते दोन हजार स्लीपर लागत. कुठलीही प्रक्रिया न करता उन्हापावसात टिकतील अशी लाकडे मोजकीच होती: साग, साल आणि देवदार. उत्तरेकडच्या रेल्वेला देवदार सोयीचा पडला, कारण नद्या तो स्वतःच खाली आणून देत. फ्रेडरिक विल्सन नावाचा एक इंग्रज भागीरथीच्या काठी हरसिलला स्थायिक झाला होता. टिहरीच्या राजाकडून त्याने जंगल तोडायचा मक्ता मिळवला. ओंडके भागीरथीत ढकलायचे आणि हरिद्वारच्या बाजूला पकडायचे, हा त्याचा धंदा. त्यातून तो इतका गबर झाला की स्वतःच्या नावाची टोकने चालवू लागला. लोकांनी त्याला राजाच केले. चिनाब, रावी आणि सतलजच्या खोऱ्यांतही तेच चालले होते. वनाधिकारी ह्यू क्लेगहॉर्न यांनी पंजाबच्या डोंगरांतल्या जंगलांची पाहणी करून १८६४ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी डिट्रिक ब्रँडिस भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले आणि चंबा संस्थानची जंगले सरकारने ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली. वनखाते जंगल वाचवण्यासाठी जन्मले असे आपण समजतो. खरे तर स्लीपरचा पुरवठा आटू नये, ही त्या जन्मामागची मोठी काळजी होती. पुढे विसाव्या शतकात चीड या हिमालयातल्या पाइनच्या लाकडाला क्रिओसोट नावाचे तेल पाजून ते टिकाऊ करण्याची युक्ती साधली, तेव्हा देवदाराला थोडी उसंत मिळाली. चिपको आंदोलनानंतर १९८१ मध्ये तेव्हाच्या उत्तर प्रदेशच्या डोंगराळ भागात हजार मीटरच्या वर हिरव्या झाडांची व्यापारी तोड बंद झाली.

उरलेले जुने देवदार आता वेगळ्या कामाचे ठरले आहेत. दर वर्षी खोडात एक वलय वाढते. वसंत गरम आणि कोरडा गेला तर ते अरुंद राहते. खोडाला इजा न होता पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढून ही वलये मोजता येतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशा कांड्यांवरून पश्चिम हिमालयातल्या अनेक शतकांच्या हवामानाचा हिशोब मांडला आहे. तापमापक आणि पर्जन्यमापक यांच्या नोंदी तिथे जेमतेम शे-दीडशे वर्षांच्या. त्याआधीचे दुष्काळ झाडांनाच विचारावे लागतात. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सातशेहून अधिक वर्षे जगलेल्या एका देवदाराची चकती ठेवली आहे. तिचा गाभा धरला तेव्हा देवगिरीवर यादव राज्य करत होते.

नदीचे काम आता रस्ता करतो. गंगोत्रीच्या वाटेवर, विल्सनच्याच हरसिलच्या आसपास, महामार्ग रुंद करण्यासाठी हजारो देवदार तोडण्याचे ठरत आहे. लोकांनी काही झाडांना राख्या बांधून विरोध नोंदवला. गोमुख ते उत्तरकाशी हा पट्टा २०१२ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे, हे विशेष. वनखात्याच्या हिशोबात देवदार तोडीला यायला १२० ते १५० वर्षे लागतात. आणि त्याची मुळे धरून ठेवतात तो उतार ढासळायला एक पावसाळा पुरतो. रुंद रस्त्याची मागणी यात्रेकरूंच्या सोयीसाठी म्हणून केली जाते, आणि चारधामला जाणाऱ्यांत मराठी माणसे दरवर्षी मोठ्या संख्येने असतात. आपल्या नावाने ही तोड होत असेल, तर दोन तास उशिरा पोहोचलो तरी चालेल, हे आपणच रस्ता रुंद करणाऱ्यांना कळवायला हवे.