फी आपली, मान्यता बँकेची

इंग्लंडमध्ये कर्ज काढून घर घेणाऱ्याचा वकील बहुतेक वेळा दोन अशिलांचं काम करत असतो. एक अशील घर घेणारा. फी तो भरतो. दुसरा अशील कर्ज देणारी बँक किंवा बिल्डिंग सोसायटी. या दुसऱ्या अशिलाच्या मर्जीशिवाय पान हलत नाही, कारण वकील त्याच्या मान्य यादीत, म्हणजे पॅनेलवर नसेल तर कर्जाची रक्कम त्याच्या हाती पडतच नाही. हॅरो, स्लाउ, रेडिंगकडे घर शोधणाऱ्या मराठी जोडप्यांना हे बहुधा फार उशिरा कळतं. घर पसंत पडलेलं असतं, ऑफर मान्य झालेली असते, इस्टेट एजंट विचारतो, ‘सॉलिसिटर कोण तुमचे?’ आणि उत्तराची वाट न बघता आपल्या ओळखीच्या फर्मचं नाव पुढे करतो.

पॅनेल आपल्याकडेही असतं. पुण्यात गृहकर्ज घ्यायचं तर बँक पॅनेलवरच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट मागवते. साधारण तीस वर्षांचे व्यवहार चाळून तो टायटल स्वच्छ आहे की नाही, ते लिहून देतो. पण तो बँकेचा वकील. करारातलं कोणतं कलम उद्या ग्राहकाच्या अंगाशी येईल, हे सांगण्याचं काम त्याच्याकडे नसतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये (स्कॉटलंडचा कायदा निराळा) ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. खर्च वाचतो, कागद एकदाच तपासले जातात. मात्र दोन अशिलांचं हित वेगळं झालं की पंचाईत होते.

ती कशी होते, याचा नमुना तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. १९८८ साली एका जोडप्याने ७३,००० पौंडांचं घर घ्यायचं ठरवलं. ब्रिस्टल अँड वेस्ट बिल्डिंग सोसायटीने ५९,००० पौंड दिले. अट अशी की उरलेले पैसे स्वतःचे असावेत, त्यासाठी आणखी कर्ज नको. जोडप्याचं जुनं ३,३५० पौंडांचं देणं नव्या घरावर दुसरा बोजा म्हणून चढणार होतं. वकिलाला ते माहीत होतं, तरी सोसायटीला पाठवलेल्या अहवालात त्याने नजरचुकीने ‘दुसरा बोजा नाही’ असं लिहिलं. हप्ते थकले, घर तोट्यात विकलं गेलं आणि सोसायटीने वकिलालाच कोर्टात खेचलं. १९९६ मध्ये अपील न्यायालयात न्यायमूर्ती मिलेट यांनी निष्काळजीपणा आणि बेइमानी यांतला फरक स्पष्ट केला: दोन्ही अशिलांशी सारखंच इमान राखणं वकिलावर बंधनकारक आहे, पण नजरचुकीने पाठवलेली खोटी माहिती म्हणजे विश्वासघात नव्हे. त्या वकिलाचा थोडक्यात निभाव लागला. बँकांनी मात्र यातून आपला धडा घेतला.

या खटल्याआधीच बाजार खुला झाला होता, ते पहिलं वळण. घराच्या मालकीच्या हस्तांतराचं काम पैसे घेऊन करण्याची मक्तेदारी सॉलिसिटरांकडे होती. १९८३ मध्ये मजूर पक्षाचे खासदार ऑस्टिन मिचेल यांनी तिच्याविरुद्ध खासगी विधेयक आणलं. सरकारला हालचाल करावी लागली आणि १९८५ च्या कायद्याने ‘लायसन्स्ड कन्व्हेयन्सर’ हा नवा व्यवसाय उभा राहिला. हा माणूस सॉलिसिटर नसतो, पण घराच्या कागदांत मुरलेला असतो. पॅनेलवर आज दोघंही असतात आणि साध्या व्यवहारात दोघांत डावंउजवं करण्याचं कारण नाही.

दुसरं वळण २००८ च्या पडझडीनंतर आलं. कर्जं बुडाली, फसवणुकीची प्रकरणं वर आली आणि बँका याद्या छाटू लागल्या. वर्षाला मोजकीच प्रकरणं करणाऱ्या छोट्या फर्म्स आधी गळल्या. २०१२ च्या सुरुवातीला एचएसबीसीने तर आपलं पॅनेल ४३ फर्म्सवर आणलं. वकिलांच्या संघटनेने, लॉ सोसायटीने, त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. गावातला तीस वर्षांचा अनुभवी वकील यादीबाहेर आणि दोनशे मैलांवरचं कॉल सेंटर यादीत, असंही घडू लागलं. म्हणून एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: पॅनेल हे बँकेने स्वतःच्या बचावासाठी बांधलेलं कुंपण आहे. वकील आपला फोन उचलेल की नाही, याची हमी त्यात कुठेही नाही.

मग हा वकील करतो काय? मालकी तपासणं तसं सोपं झालंय. लँड रजिस्ट्री १८६२ पासून आहे, १ डिसेंबर १९९० पासून इंग्लंड-वेल्सभर विक्रीनंतरची नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदलेल्या मालकीमागे सरकारची हमी असते. मेहनत असते ती उताऱ्यावर न दिसणाऱ्या गोष्टींत. घरामागून रस्ता जाणार आहे का, सांडपाण्याची वाहिनी कुणाची, खाली जुनी कोळशाची खाण आहे का. अगदी चर्चसुद्धा! वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो गावी शेतजमिनीबरोबर तिथल्या चर्चच्या दुरुस्तीची मध्ययुगीन जबाबदारी एका दांपत्याच्या गळ्यात आली होती. सुरुवातीची मागणीच ९५ हजार पौंडांवर होती. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २००३ मध्ये दांपत्य हरलं.

बँकेची बाजू सांभाळताना वकिलाच्या टेबलावर ‘मॉर्गेज लेंडर्स हँडबुक’ उघडं असतं. पहिल्या भागात सगळ्यांना समान नियम, दुसऱ्यात प्रत्येक बँकेच्या खास अटी. ते इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतं, तरी घर घेणारे ते क्वचितच उघडतात. त्यातले वकिलासाठीचे काही नियम असे: विकणाऱ्याने घर घेऊन सहा महिनेही झाले नसतील तर बँकेला कळवा. फ्लॅट लीजवर असेल तर किती वर्षं उरलीत ते बघा. किती पुरतात, याचं उत्तर बँकेगणिक बदलतं. खरेदीच्या पैशांत कुणाची भेट असेल तर तेही सांगा.

ही भेट मराठी घरांत हमखास असते. मुलाच्या डिपॉझिटला हातभार म्हणून आईबाबा नाशिकहून पैसे पाठवतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, तेव्हा भारतातली अडचण नसते. अडचण इंग्लंडातल्या वकिलाची असते. त्याला बाबांचा पासपोर्ट हवा, पत्त्याचा पुरावा हवा, खात्याचे काही महिन्यांचे उतारे हवेत. एफडी मोडली असेल तर तिची पावती, जमीन विकली असेल तर खरेदीखत, सहकारी बँकेचं पत्र मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर. शिवाय ‘ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हिस्सा सांगणार नाही’ असं बाबांच्या सहीचं पत्र. ‘माझ्याच मुलाला दिलेत, यात लिहून काय द्यायचं?’ हा बाबांचा त्रागा रास्त आहे, पण बँकेला तो कळत नाही. आणि प्लॉट विकताना निम्मी रक्कम रोखीने घेतली असेल, तर ती निम्मी रक्कम या वकिलाच्या लेखी जन्मालाच आलेली नाही. काही फर्म्स परदेशातून आलेल्या भेटीची प्रकरणं घेतच नाहीत. तेव्हा पहिल्याच फोनवर हा विषय काढावा, फी नंतर विचारावी.

दुसरा प्रश्न पॅनेलचा, आणि तो नेमका विचारावा लागतो. ‘तुम्ही बँकांच्या पॅनेलवर आहात का?’ याला सगळेच हो म्हणतात. ‘माझ्या बँकेच्या पॅनेलवर, तुमची फर्म, आज आहे का?’ असं विचारावं आणि तेच बँकेकडून किंवा कर्जाच्या ब्रोकरकडून पडताळून घ्यावं. बँक बदलली तर पुन्हा विचारावं. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या मिनी बजेटनंतर शेकडो कर्जयोजना बाजारातून मागे घेतल्या गेल्या. अशा वेळी घाईघाईने दुसरी बँक गाठणाऱ्याचा वकील तिथल्या यादीत नसेल, तर दोनच वाटा उरतात. एक, नवा वकील शोधून फाइल नव्याने सुरू करणं. दोन, बँक आपला वेगळा वकील नेमते. त्याची फीही सहसा आपल्याच खिशातून जाते आणि दोन वकिलांच्या पत्रव्यवहारात आठवडे निघून जातात.

एजंटने सुचवलेल्या फर्मचं काय? एजंटला त्यातून रेफरल फी मिळत असू शकते आणि ती उघड सांगणं अपेक्षित आहे. विचारायला संकोच नको. अशी फर्म वाईटच असते असं नाही. मोठ्या फर्म्स जवळजवळ सगळ्या पॅनेलवर असतात, हा त्यांचा खरा फायदा. पण सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्यावर काय होतं, तेही दिसलंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये सिम्प्लिफाय या बड्या कन्व्हेयन्सिंग समूहावर सायबर हल्ला झाला आणि घर बदलायच्या बेतात असलेले कित्येकजण अडकले. माझं मत विचाराल तर जुन्या उंच इमारतीतला लीजवरचा फ्लॅट घेणाऱ्याने, विशेषतः लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतरचे अग्निसुरक्षेचे नियम आणि २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्ट लक्षात घेता, शंभर-दोनशे पौंड जास्त गेले तरी चालतील, पण फाइल बघणाऱ्या माणसाचं नाव आणि थेट नंबर देणारा वकील धरावा. दर तर २०१८ च्या अखेरीपासून सॉलिसिटरांना वेबसाइटवर लावावेच लागतात.

करारांची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत कुणीच बांधलेलं नसतं. एक्स्चेंजला साधारण दहा टक्के भरायचे. कम्प्लिशनच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या वेळी बँकेची रक्कम वकिलाच्या क्लायंट अकाउंटमध्ये येते आणि किल्ल्या मिळतात. याच सुमारास ‘आमचं खातं बदललंय’ अशी खोटी ईमेल पाठवून पैसे लाटणारे टपलेले असतात. खाते क्रमांकाची खात्री आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर फोन करूनच करावी. किल्ल्या मिळाल्या तरी वकिलाचं काम संपत नाही. स्टॅम्प ड्यूटीचं विवरणपत्र १४ दिवसांत जायला हवं आणि लँड रजिस्ट्रीत अर्ज ३० कामकाजाच्या दिवसांच्या संरक्षित मुदतीत. यथावकाश नवा उतारा येतो: मालक म्हणून आपलं नाव, पुढे बँकेचा बोजा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, कर्जाच्या कागदांवर ते गाळलंय, आडनावाचं स्पेलिंग तिसरीकडे वेगळंच, असा प्रकार आपल्यात नेहमीचा. तो पहिल्याच आठवड्यात वकिलाच्या कानावर घातला तर नंतरचे हेलपाटे वाचतात.