संस्था मोडली, देणी कोणाच्या पदरात?

एप्रिल २०२२ मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी एका कायद्यावर सही केली आणि डिस्ने वर्ल्डच्या परिसराचा कारभार पाहणारी ‘रीडी क्रीक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट’ ही संस्था १ जून २०२३ रोजी बरखास्त होणार, हे ठरले. शाळांमध्ये लैंगिकतेविषयी काय शिकवावे, यासंबंधीच्या राज्याच्या कायद्याला डिस्नेने उघड विरोध केला होता. त्याचाच हा वचपा, अशी चर्चा रंगली. संस्थेच्या डोक्यावरच्या कर्जाची चर्चा मात्र सही झाल्यावर जोरात सुरू झाली.

नावात ‘डिस्ट्रिक्ट’ असले तरी आपल्या जिल्ह्याशी या संस्थांचे काही नाते नाही. कुठे अग्निशमन हवे, कुठे सांडपाण्याची सोय, कुठे डासांचा बंदोबस्त. तेवढ्याच कामासाठी एक मंडळ नेमायचे आणि त्याला कर किंवा शुल्क घेण्याचे अधिकार द्यायचे. अमेरिकेत अशा संस्था ३८ हजारांहून अधिक आहेत. १९६७ साली स्थापन झालेल्या रीडी क्रीकचा पसारा त्यांतही दांडगा: ऑरेंज आणि ओसिओला या दोन काउंट्यांतली सुमारे २५ हजार एकर जमीन. रस्ते, पाणी, वीज, मलनिःसारण, अग्निशमन दल, इतकेच काय, बांधकाम परवानेही तिच्याच हातात. मंडळाच्या निवडणुकीत मत माणसाला नव्हते, एकराला होते आणि बहुतेक जमीन डिस्नेची. कंपनीने स्वतःसाठी चालवलेले हे सरकार आहे, ही टीका त्यामुळे निराधार नव्हती.

अडचण वेगळीच होती. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार अशी संस्था बरखास्त झाली की तिची मालमत्ता आणि कर्ज, दोन्ही स्थानिक सरकारांकडे जातात. वाटणीत जमीन सगळ्यांना हवी असते, सोसायटीचे कर्ज कोणालाच नको असते. दोन्ही काउंट्यांचे तसेच झाले. रीडी क्रीकच्या कर्जरोख्यांची थकबाकी होती सुमारे १०० कोटी डॉलर. डिस्ने काउंटीच्या करावर आणखी एक कर या संस्थेला भरत असे आणि त्यातून या सेवा चालत. संस्था गेली की तो करही जाणार. आगीचे बंब आणि कर्जाचे हप्ते मात्र राहणार. घरमालकांचा मालमत्ता कर २० ते २५ टक्क्यांनी वाढू शकतो, असा इशारा ऑरेंज काउंटीचे करवसुली अधिकारी स्कॉट रँडॉल्फ यांनी दिला. शिवाय रोखे फिटेपर्यंत संस्थेच्या अधिकारांना हात लावणार नाही, असा शब्द राज्याने मूळ कायद्यातच धनकोंना दिलेला होता.

शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये विधिमंडळाने माघार न म्हणता माघार घेतली. संस्था राहिली, करही राहिला, कर्जही तिच्याकडेच राहिले. बदलले ते नाव आणि मंडळ: ‘सेंट्रल फ्लोरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट’वर गव्हर्नरनी नेमलेले पाच सदस्य आले.

महाराष्ट्रात संस्था मोडण्याचा हा प्रयोग वेगळ्या रूपात झाला. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. जून २०२१ मध्ये ते विसर्जित झाले तेव्हा विकसित भाग महापालिकेकडे गेला आणि मोकळी, अविकसित जमीन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए). इथे देणे पैशांचे नव्हते, शब्दाचे होते. जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांचा साडेबारा टक्के जमीन परताव्याचा प्रश्न प्राधिकरण असतानाच रखडला होता. विलीनीकरणाने तो सुटला नाही, पीएमआरडीएच्या दारात गेला.

एका कामापुरत्या संस्था मोडू नयेत, असे यातून निघत नाही. काम संपलेली, कोणालाही उत्तर न देणारी संस्था मोडलीच पाहिजे. पण बरखास्तीच्या आदेशाबरोबरच चार गोष्टींची यादी जाहीर व्हायला हवी: कर्ज कोण फेडणार, कर्मचारी कोणाकडे जाणार, सेवेचा पैसा कुठून येणार आणि नागरिकांना दिलेला शब्द कोण पाळणार. फ्लोरिडात ही यादी सहीनंतर शोधली गेली आणि दहा महिन्यांत कायदाच बदलावा लागला. शेतकऱ्याला कायदा बदलून घेता येत नाही. म्हणून ती यादी त्याला आदेशासोबतच मिळायला हवी.