३८ व्या वर्षी टॉप स्कोअरर : लुका टोनीला एवढा उशीर का झाला?

३० मे २०१५. इटलीतलं व्हेरोना शहर. सेरी ए, म्हणजे इटलीची सगळ्यात वरची फुटबॉल लीग, त्या वीकेंडला संपणार होती. हेलास व्हेरोनासमोर होता युव्हेंटस. लीग आधीच खिशात घातलेला आणि आठवड्याभरात चॅम्पियन्स लीगच्या फायनलसाठी बर्लिनला जाणारा संघ. व्हेरोनाने त्यांना २-२ असं रोखलं. त्यातला एक गोल होता लुका टोनीचा. चारच दिवसांपूर्वी गड्याला ३८ वर्षं पूर्ण झाली होती.

तो त्याचा सीझनमधला २२ वा गोल. इंटर मिलानच्या माऊरो इकार्दीनेही २२ गोल केले आणि टॉप स्कोअररचा मान दोघांत विभागला गेला. इकार्दीचं वय तेव्हा २२. म्हणजे दोघांमध्ये जवळपास १६ वर्षांचं अंतर. टोनीएवढ्या वयाचा टॉप स्कोअरर सेरी एने त्याआधी पाहिलेला नव्हता.

बातम्या अर्थातच ३८ या आकड्यावर झाल्या. पण खरी गोष्ट दुसऱ्या टोकाला आहे. इकार्दी ज्या वयात इंटरकडून खेळून टॉप स्कोअरर झाला, त्या वयात टोनी काय करत होता?

तर टोनी तेव्हा लोदिजानी नावाच्या रोममधल्या एका छोट्या क्लबकडून तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होता. याच क्लबच्या ज्युनिअर संघातून फ्रान्चेस्को टोट्टी पुढे आला होता, तेवढीच काय ती क्लबची ओळख. टोट्टी टोनीपेक्षा वयाने फक्त आठ महिने मोठा. टोनी लोदिजानीकडून खेळत होता, त्याच सीझनमध्ये टोट्टी रोमा क्लबचा कॅप्टनही झाला.

टोनीचा जन्म १९७७ चा, मोडेना प्रांतातल्या पावुल्लो या डोंगराळ गावचा. सुरुवात मोडेनाकडूनच झाली, तीही तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये. मग एम्पोली, तिथे जेमतेम तीन मॅच. मग फियोरेन्झुओला, तिथे अख्ख्या सीझनमध्ये दोन गोल. स्ट्रायकर म्हणून हा बायोडेटा कुणाला दाखवायची लाज वाटावी असा. लोदिजानीने त्याला सलग खेळवलं आणि त्याने १५ गोल केले. पुढच्या वर्षी दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये त्रेविझोकडून पुन्हा १५. त्यानंतर २००० मध्ये व्हिचेन्झाने त्याला सेरी एमध्ये आणलं. वय २३. नऊ गोल केले, पण क्लब खाली घसरला.

घोडं कुठे अडलं होतं?

एक कारण साधं आहे : गर्दी. नव्वदच्या दशकातलं इटालियन फुटबॉल म्हणजे जगभरातल्या स्ट्रायकर्सची जत्रा होती. व्हिएरी, इन्झागी, देल पिएरो, बॅजियो हे घरचे. बातिस्तुता, शेव्हचेन्को, क्रेस्पो बाहेरून आलेले. मोठ्या क्लबला तिसऱ्या लीगमधल्या उंच पोराकडे बघायची गरजच नव्हती.

अशा पोरांसाठी इटालियन भाषेत एक शब्द आहे, 'गावेत्ता'. मूळ अर्थ सैनिकाचा जेवणाचा डबा. 'गावेत्ता करणं' म्हणजे तळापासून राबत, एकेक पायरी चढत वर येणं. इटलीत खालच्या लीग भरपूर, छोट्या शहरांचेही क्लब आहेत, त्यामुळे ही वाट लांब असली तरी कुठेतरी पोचते.

पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे टोनीच्या खेळाची जात.

टोनी सहा फूट चार इंच उंच. तो चार जणांना चकवून बॉल घेऊन पळणारा खेळाडू नव्हता. त्याचं काम पेनल्टी बॉक्समध्ये. डिफेंडरला पाठीवर घेऊन उभं राहायचं, क्रॉस कुठे पडणार हे अर्धा सेकंद आधी ओळखायचं आणि डोकं किंवा पाय लावायचा. असा खेळाडू क्रॉस टाकणाऱ्यांवर अवलंबून असतो. कमकुवत संघात त्याच्यापर्यंत बॉलच येत नाही, आणि ज्याच्याकडे बॉल येत नाही तो स्ट्रायकर प्रेक्षकांना निव्वळ ढिम्म उभा असलेला दिसतो. ड्रिबल करणारं पोर हरणाऱ्या संघातही नजरेत भरतं. टोनीसारखं पोर भरत नाही. त्याच्याभोवती संघ बांधल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही, आणि किंमत कळल्याशिवाय त्याच्याभोवती संघ कोण बांधणार?

व्हिचेन्झानंतर ब्रेशा. संघात रॉबर्टो बॅजियो आणि काही काळ पेप गार्दिओलाही. पहिल्या सीझनला टोनीने १३ गोल केले. दुसऱ्या सीझनला मात्र जेमतेम दोन.

आणि मग २००३ मध्ये, २६ व्या वर्षी, त्याने सेरी ए सोडून पुन्हा एक लीग खाली उडी मारली. सिसिली बेटावरच्या पालेर्मोकडे. कागदावर ही पीछेहाटच. पण गुलाबी जर्सीतल्या या क्लबला वर जायची घाई झाली होती आणि त्यांना बॉक्समध्ये उभा राहणारा माणूस हवा होता. टोनीने त्या सीझनमध्ये ३० गोल केले. पालेर्मो लीग जिंकून तब्बल ३१ वर्षांनी सेरी एमध्ये परतलं. पुढच्या वर्षी वरच्या लीगमध्ये त्याने २० गोल केले आणि पालेर्मो थेट युरोपियन स्पर्धेसाठी पात्र ठरलं.

गोल केला की उघडा पंजा कानाजवळ नेऊन बल्ब फिरवल्यासारखा फिरवायचा, ही टोनीची खूण. ती आता सगळ्या इटलीला पाठ होणार होती. ऑगस्ट २००४ मध्ये कोच मार्चेलो लिप्पींनी त्याला इटलीकडून पहिल्यांदा खेळवलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

२००५ मध्ये तो फियोरेन्तिनाकडे गेला आणि पहिल्याच सीझनमध्ये त्याने ३८ मॅचमध्ये ३१ गोल केले. सेरी एमध्ये ३० चा आकडा त्याआधी कुणी गाठला होता? १९५८-५९ च्या सीझनमध्ये इंटरच्या अँजेलिलोने, ३३ गोलांसह. मधली ४७ वर्षं कुणालाही जमलं नव्हतं. त्यात मॅराडोनाही आला, व्हॅन बास्तेनही आणि ब्राझीलचा रोनाल्डोही. त्या वर्षीचा युरोपियन गोल्डन शू टोनीला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला इटालियन.

लगेच जर्मनीतला २००६ चा वर्ल्ड कप. क्वार्टर फायनलला युक्रेनविरुद्ध त्याने दोन गोल केले. फायनल म्हटली की आपल्याला झिदानने मातेराझीला मारलेली डोक्याची धडक आठवते. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पण त्याच मॅचमध्ये टोनीचा एक हेडर क्रॉसबारवर आदळला आणि एक गोल ऑफसाईड म्हणून रद्द झाला. दोन्हींपैकी एक जरी आत गेला असता, तर मॅच पेनल्टीपर्यंत गेलीच नसती, असं म्हणायला बराच वाव आहे. असो, कप इटलीनेच जिंकला.

बायर्न आणि ती हेताफेची रात्र

तिशीत तो बायर्न म्युनिकला गेला. पहिल्याच वर्षी २४ गोल, जर्मन लीगचा टॉप स्कोअरर, लीग आणि कप दोन्ही बायर्नच्या नावावर. पण त्या वर्षातलं सगळ्यात भारी प्रकरण घडलं माद्रिदजवळच्या हेताफेमध्ये.

एप्रिल २००८, युएफा कपची क्वार्टर फायनल, दुसरी लेग. पहिली १-१ सुटलेली. हेताफे हा तसा छोटा क्लब, त्यात सहाव्याच मिनिटाला त्यांचा एक खेळाडू रेड कार्ड घेऊन बाहेर. तरीही ते ८९ व्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे होते. रिबेरीने बरोबरी साधली. एक्स्ट्रा टाइम सुरू होताच हेताफेने तीन मिनिटांत दोन गोल ठोकले. ३-१. बायर्नचं पॅकअप झालंच होतं.

मग ११५ व्या मिनिटाला टोनी. आणि १२० व्या मिनिटाला पुन्हा टोनी. ३-३. बाहेरच्या मैदानावरच्या गोलांच्या जोरावर बायर्न पुढे. क्लिप सापडली तर जरूर बघा. दोन्ही वेळा तो गर्दीत, नेमका जिथे हवा तिथेच उभा आहे.

लुई व्हॅन खाल कोच झाल्यावर तिथे त्याचं बिनसलं. पुढे रोमा, जेनोआ, युव्हेंटस अशी फिरती सुरू झाली. २०११ मध्ये युव्हेंटसच्या नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाच्या मॅचमध्ये पहिला गोल त्याने केला, पण अशा मॅचच्या पलीकडे जेनोआ आणि युव्हेंटस दोन्हीकडे गोल आटले होते. २०१२ मध्ये तो दुबईच्या अल नसरला गेला. युरोपातला खेळाडू आखाताकडे वळला की समजायचं, आता पेन्शन सुरू. टोनी मात्र त्याच वर्षी फियोरेन्तिनात परतला आणि २०१३ मध्ये व्हेरोनाकडे गेला.

व्हेरोना ११ वर्षांनी सेरी एमध्ये आलं होतं. पहिलीच मॅच एसी मिलानशी, आणि टोनीच्या दोन गोलांवर व्हेरोनाने ती २-१ ने जिंकली. ३६ व्या वर्षी त्याने सीझनमध्ये २० गोल केले, टॉप स्कोअररपेक्षा फक्त दोन कमी. पुढच्या वर्षी २२.

हे कसं जमलं? उत्तर पुन्हा त्याच्या खेळाच्या जातीत आहे. वयानुसार आधी जातो तो वेग. पण टोनीचा धंदा वेगावर कधी चाललाच नव्हता. उंची, पाठीची ताकद आणि जागा ओळखणारी नजर हे भांडवल ३८ व्या वर्षीही बरंचसं शाबूत होतं. शिवाय व्हेरोनात तो मुख्य माणूस होता, बॉल त्याच्याकडेच यायचा. जेनोआ आणि युव्हेंटसमध्ये तसं नव्हतं. ज्या कारणामुळे सुरुवातीला त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, त्याच कारणामुळे तो शेवटी इतका टिकला.

तो एकटाच नाही. टोनीआधी सगळ्यात वयस्क टॉप स्कोअररचा विक्रम दारियो ह्युब्नरचा होता. २००१-०२ मध्ये पियाचेन्झाकडून २४ गोल, वय ३५. हा गडी सेरी एमध्ये पोचलाच ३० व्या वर्षी. आणि २०१८-१९ मध्ये फाबियो क्वालियारेल्लाने ३६ व्या वर्षी २६ गोल करून हा मान मिळवला. मधल्या फळीतले इटालियन क्लब अनुभवी स्ट्रायकरला केंद्रस्थानी ठेवून खेळायला कचरत नाहीत, हे यामागचं एक कारण असावं.

टोनीची व्हेरोनातली शेवटची घरची मॅच ८ मे २०१६ ची. समोर पुन्हा चॅम्पियन युव्हेंटस. व्हेरोना खाली घसरणार हे आधीच ठरलं होतं. पेनल्टी मिळाली, टोनी पुढे आला. जोरात न मारता त्याने बॉल हलकेच उचलून गोलच्या मधोमध टाकला. व्हेरोनाने मॅच २-१ ने जिंकली.