गोल्फमधील पट : हिरवळीवरचा निम्मा खेळ

गोल्फ म्हणजे चेंडू दूर फटकावण्याचा खेळ, असा बाहेरून पाहणाऱ्याचा समज होतो. गुणपत्रिकेचा हिशेब निराळा आहे. 72 पारच्या, म्हणजे 72 फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या, मैदानावर अठरा होल्सना प्रत्येकी दोन याप्रमाणे 36 फटके, म्हणजे बरोबर निम्मे, हिरवळीवरच्या पटसाठी, म्हणजे चेंडू हलकेच होलकडे लोटण्याच्या फटक्यासाठी, गृहीत धरलेले असतात. तीनशे यार्डांचा ड्राइव्ह आणि वीतभरावरून आत सारलेला चेंडू, दोन्हींची नोंद एकेकच फटका अशी होते.

होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर. स्कॉटलंडमधील मसलबर्ग येथे 1829 मध्ये होल कापण्याचे अवजार तयार झाले आणि सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या संस्थेने 1891 मध्ये हे माप प्रमाण ठरवले. त्याच 1829 साली कोलकात्यात गोल्फ क्लब निघाला. मुंबईत 1842 मध्ये आणि पुढे पुण्यातही हा खेळ संस्थारूपाने रुजला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळलेला उदयन माने पुण्याचाच.

पटचे यश दिशा आणि वेग या दोन गोष्टींवर ठरते. होलच्या मध्यापासून कडेपर्यंत 54 मिलिमीटर असतात. तीन मीटरवरून पाहता हा कोन जेमतेम एक अंश भरतो. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे बहुतांशी आघाताच्या क्षणी पटरचा, म्हणजे पट मारण्याच्या काठीचा, दर्शनी भाग कुठे वळला आहे यावर ठरते, हात कोणत्या रेषेत फिरले यावर फार थोडे. नवशिके नेमकी उलट चिंता करतात आणि हातांची रेषा सुधारण्यात महिने घालवतात.

वेगाचे गणित अधिक रंजक आहे. भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन होम्स यांनी 1991 मध्ये दाखवून दिले, की होलच्या मध्यावर आलेला चेंडूही सेकंदाला सुमारे 1.6 मीटरपेक्षा अधिक वेगात असेल तर होल ओलांडून पुढे जातो. चेंडू कडेच्या बाजूने येत असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. थोडक्यात, जोरात मारणाऱ्यासाठी होल लहान होतो. तरीही चेंडू होलपर्यंत पोहोचलाच नाही तर आत पडण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून हुकल्यास हात-दीड हात पुढे जाऊन थांबेल इतका वेग सर्वसाधारणपणे योग्य मानतात.

हा वेग हिरवळीवर अवलंबून असतो आणि हिरवळ किती वेगवान आहे हे मोजण्यासाठी स्टिंपमीटर नावाची खाच असलेली पट्टी वापरतात. एडवर्ड स्टिंपसन या अमेरिकन खेळाडूने ती 1935 मध्ये कल्पिली. पट्टीवरून घरंगळलेला चेंडू सपाट हिरवळीवर जितके फूट जाईल, तितका त्या हिरवळीचा अंक. आपल्याकडील अनेक हिरवळींवर बर्म्युडा गवत असते. ते हरळीच्याच कुळातले, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांचे जातभाई. त्याच्या पात्यांना कल असतो. पुढचे गवत चकाकताना दिसले तर कल आपल्यापासून दूर आहे आणि चेंडू अधिक धावेल. मंद, गडद दिसले तर तो अडखळेल. होलभोवती वाकून पाहिल्यास एका बाजूची कड विरलेली आढळते; कल त्या बाजूला. पावसाळ्यात पाती वाढतात, ओल धरतात आणि तीच हिरवळ जड होते.

  पट हा गोल्फमधील एकच भाग असा आहे, की ज्याच्या सरावाला मैदान लागत नाही. पडवीत सतरंजी ताणून अंथरावी. चेंडूपासून हातभर पुढे दोन नाणी, मधून चेंडू जेमतेम निसटेल इतक्या अंतरावर ठेवावीत. नाण्याला न लागता चेंडू गेला तर पटर सरळ होता. फटका मारताना नजर चेंडूवर स्थिर ठेवावी आणि तो निघून गेल्यावरही क्षणभर मान उचलू नये. कॅनडातील जोन विकर्स यांच्या अभ्यासात कुशल खेळाडूंची नजर अशीच अधिक काळ स्थिर आढळली. वेगाचा सराव लांब जागेत, होलशिवाय करावा : प्रत्येक चेंडू आधीच्या चेंडूच्या थोडा पुढे थांबला पाहिजे. शिवाय घरातली सतरंजी वेगाबद्दल फसवते, म्हणून मैदानावर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे लांब पटसाठीच राखावीत.

अपेक्षाही वास्तववादी असाव्यात. अमेरिकेतील व्यावसायिक पीजीए टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून सुमारे निम्मेच पट आत टाकतात. हौशी खेळाडूचे फटके वाया जातात ते बहुधा लांबून पहिला पट फार आखूड किंवा फार लांब मारल्यामुळे, तिसऱ्या पटमध्ये. कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने 1966 मध्ये आणलेल्या अँसर पटरपासून वजन टोकांकडे विभागलेले पटर सर्वत्र मिळू लागले आणि मध्याबाहेर लागलेला फटका त्यांनी थोडाफार सावरला, हे खरे. तरी नव्या पटरवर पैसे घालण्याआधी ती दोन नाणी महिनाभर वापरून पाहावीत.