काळं कुंकू

जुन्या ग्रुप फोटोत मधल्या खुर्चीवर बसलेल्या बाईच्या कपाळाकडे नीट पाहा. तिथे काळाकुट्ट ठिपका दिसेल. बाईनं लावलं होतं लालच कुंकू. ते काळं झालं फोटोच्या निगेटिव्हच्या काचेमुळे. त्या काळच्या काचांवरच्या रसायनाला निळा प्रकाश लख्ख दिसे, लाल मात्र दिसतच नसे. म्हणून तर फोटोग्राफर डार्करूममध्ये लाल दिवा बिनधास्त लावत. लाल ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा 1906मध्ये बाजारात आल्या, तरी जुन्या काचांचा वापर पुढेही बरीच वर्षं चालू राहिला.

हे एवढं कळलं की मागे कुणाचं नाव न लिहिलेला फोटो एकदम बोलू लागतो. कडेला काळ्या वस्त्रात डोक्यावरून पदर घेऊन बसलेली कपाळ मोकळं असलेली म्हातारी बहुधा लाल आलवणातली विधवा असते. उलट पांढऱ्या लुगड्यातली सून पाहून हळहळू नका. ते आकाशी असू शकतं! एकाच बाईचे दोन फोटो सापडले, एकात कुंकू आहे आणि दुसऱ्यात नाही, तर नवऱ्याच्या मृत्यूचं साल त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतं. त्याच्या मृत्यूची तिथी घरात श्राद्धामुळे माहीत असतेच. साल तेवढं शोधायचं.

पुरुषांची डोकीही कामाची. गांधी टोपी दिसली की फोटो 1920च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. कोटाची बटणं सगळ्यांचीच उलट्या बाजूला दिसली, तर काच उलटी ठेवून छापलेला फोटो समजा. मग डाव्या गालावरचा तीळ खरा उजवीकडचा.

चेहऱ्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. चुलतभाऊ जुळ्यांसारखे दिसतात आणि तोच माणूस वीस वर्षांनी ओळखू येत नाही. त्यापेक्षा कान बघा. वयानं पाळी लोंबते, पण कानाच्या वळ्या सहसा तशाच राहतात. पॅरिसच्या पोलिसांत बर्तियाँ हा अधिकारी एकोणिसाव्या शतकात गुन्हेगार ओळखताना कानाची नोंद घ्यायचा, ती याचसाठी.

आपल्याकडे खरा घोळ नावांचा. आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे घरात एक आड एक पिढी ‘गोविंद’. आणि बायकांची तर दोन-दोन नावं: माहेरच्या फोटोतली ‘गंगू’ आणि सासरच्या फोटोतली ‘लक्ष्मीबाई’ या दोन बायका समजून लोक वंशावळ मांडतात. कुलवृत्तांतात दोन्ही नावं मिळाली तर नशीब. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांची नावं पिढ्यान् पिढ्या नोंदलेली सापडतात. निदान कोण कुणाचा मुलगा हे तिथे लागतं.

एवढं करून उरलेल्या चेहऱ्यांसाठी घरातली वडीलधारी माणसं आहेत. फोटोची झेरॉक्स काढून प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि आत्या, काका, मावशी यांना वेगवेगळं गाठून विचारा. सगळ्यांना एकत्र बसवलंत तर थोरल्या आत्यांनी एक नाव घेतलं की बाकीचे माना डोलावतात. कळलेली नावं मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.