मोठ्या गाडीचा हिशेब

‘दहा लाखांत मर्सिडीज!’ असा मेसेज फोटोसकट व्हॉट्सअॅपवर आला, की घरातले पुरुष पाच मिनिटं गप्प होतात. तुमच्याकडे होतं का असं? आमच्याकडे झालं. ह्यांनी तो फोटो मला दाखवला, मग लेकीला दाखवला, मग चष्मा लावून स्वतःच पुन्हा बघितला. दहा लाखांत आजकाल बरी म्हणावी अशी नवी छोटी गाडी येते. त्याच पैशात पुढे तारा लावलेली, आतून कातडी सीटची गाडी! मोह कुणाला होणार नाही?

मैत्रिणींनो, गाडी हा विषय आपल्या पानावर फारसा येत नाही. ते खातं पुरुषांचं, असं आपणच मानून टाकलंय. पण घर सोडलं तर संसारातली सगळ्यात मोठी खरेदी गाडीचीच असते. पाच महिने या खरेदीमागे हिंडून माझं मत असं झालंय, की जुनी मोठी गाडी निवडायला इंजिन कळण्यापेक्षा घर चालवायचा सराव जास्त उपयोगी पडतो.

आमची वॅगन-आर २००९ सालची. २०२४ मध्ये तिच्या पासिंगची १५ वर्षं संपली. पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून आम्ही पाच वर्षं वाढवूनही घेतली. पण कागद वाढला म्हणून गाडीचं वय थोडंच कमी होतं? सासूबाईंना दर दोन महिन्यांनी सांगलीहून पुण्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. खंबाटकी घाटात एसी बंद करून गाडी चढवायची आणि मागे त्यांनी कंबर धरून बसायचं, हे बघवत नव्हतं. शिवाय माझं काम असं, की आठवड्यातून एखाद्या पेशंट बाईला मिरजेच्या दवाखान्यात पोचवावंच लागतं. कधी सोबत चाकाची खुर्ची असते. ती वॅगन-आरमध्ये मागची अर्धी सीट पाडल्याशिवाय मावत नाही.

उंच एसयूव्ही सासूबाईंनी एकदाच चढून बघितली आणि म्हणाल्या, “मला काय अंबारीत बसायचंय?” तेव्हा लांब, डिकीवाली सेडानच बघायची असं ठरलं. एफडी मोडून साडेआठ लाख निघत होते. लेकीच्या शिक्षणाच्या पैशाला हात लावायचा नाही, ही अट माझी.

आता ह्यांच्या मर्सिडीजविषयी. १९९५ च्या सुमारास पुण्यात टेल्कोच्या आवारात मर्सिडीज बनायला लागल्या, तेव्हा हे पुण्यात शिकायला होते. सायकल थांबवून त्या गाड्या बघायचे म्हणे. तीस वर्षं मनात ठेवलेली हौस आहे ती. “आयुष्यभर हिशेबच केला, एकदा तरी बिनहिशेबी काही करू दे,” असं ते म्हणाले, तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही. हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हे.

म्हणून मी नाही म्हणाले नाही. म्हटलं, जाऊन बघू, चालवू आणि सगळे आकडे कागदावर मांडू.

दहा-बारा वर्षांची आलिशान गाडी स्वस्त का मिळते? ती वाईट असते म्हणून नव्हे. नवी असताना ती पस्तीस-चाळीस लाखांच्या घरात असते. पहिला मालक वॉरंटी संपेपर्यंत वापरतो आणि पुढचं मॉडेल आलं की बदलतो. दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत येताना किंमत चौथाईवर आलेली असते. पण उतरते ती फक्त गाडीची किंमत. तिचे सुटे भाग चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात आणि दरवर्षी थोडे महागच होतात. घेताना नऊ लाख दिले, तरी सांभाळायची असते ती चाळीस लाखांचीच गाडी.

हे पटायला मी एक सोपा उपाय केला. आवडलेल्या प्रत्येक गाडीसाठी पाच वस्तूंचे भाव फोनवर विचारले: चार टायर, बॅटरी, पुढचे ब्रेक, एसीचा कॉम्प्रेसर आणि एका बाजूचा हेडलाइट. एका जर्मन गाडीच्या एका हेडलाइटचा आकडा सहा अंकी निघाला. मांजर आडवं आलं आणि कोपरा ठोकला, तर एका डोळ्याला लाखभर! काही गाड्यांना पंक्चर होऊनही चालणारे टायर असतात. हवा गेली तरी ऐंशीच्या वेगाने साधारण ऐंशी किलोमीटर जाता येतं, ही चांगलीच सोय. पण त्यानंतर तो टायर कोण बघणार? आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने हात जोडले.

विम्याचंही तसंच. २०२२ च्या जूनपासून लागू झालेल्या दरांत हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये आणि पंधराशेच्या वरच्या गाडीचा ७,८९७ रुपये. गाडी कितीही जुनी असो, हा आकडा सीसीवर ठरतो.

डीलरकडचा अनुभव मात्र जवळपास सगळीकडे एकच. इंजिन आणि किंमत ह्यांना सांगायची, मला आरसा आणि सीटचा रंग दाखवायचा. “मॅडम, डॉक्टरांची गाडी आहे, एकदम सिंगल हँड!” एवढ्या गाड्या विकणारे डॉक्टर दवाखान्यात कधी बसतात कोण जाणे. मी शांतपणे टायरजवळ खाली बसायचे. टायरच्या कडेला चार आकडी संख्या कोरलेली असते, ३२१८ असेल तर २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. मीटर चाळीस हजार दाखवतो आणि गाडीवर टायरचा दुसरा जोड चढून तोही झिजलाय, तर चाळीस हजारांवर विश्वास कसा ठेवायचा? ब्रेकच्या पायपट्टीचं रबर, स्टिअरिंगचं गुळगुळीत झालेलं कातडं आणि ड्रायव्हर सीटची खचलेली कड एवढं बघितलं, की गाडी किती धावली असेल याचा अंदाज येतो. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग खरवडला असेल, तर तो भाग कधीतरी उघडलाय हे नक्की.

यातही आम्हा सांगलीकर बायकांना एक गोष्ट बाकीच्यांपेक्षा जास्त कळते. ती म्हणजे पुरात गेलेली गाडी.

पुण्यात एका डीलरकडे एमएच-१० पासिंगची, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली, पांढरीशुभ्र सेडान उभी होती. २०१६ ची, किंमत बाजारापेक्षा लाखभराने कमी. ह्यांना आवडली. मला प्रश्न पडला, सांगलीची गाडी विकायला एवढ्या लांब का आली? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तेव्हा आम्ही घरोघर गाळ काढायला गेलो होतो. फ्रिज, गाद्या, वह्या आणि दारातल्या गाड्या, सगळ्यांना एकच वास यायचा. तो वास डोक्यातून जात नाही.

गाडीत बसले तर फुलांच्या स्प्रेचा घमघमाट! मी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. गाडी धुणारा माणूस गालिचा धुतो, सीट धुतो, पण गुंडाळलेला पट्टा पूर्ण ओढून कुणी धूत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. मग सीटखालच्या लोखंडी पट्ट्या बघितल्या, त्यांवर गंज. डिकीतली स्टेपनी उचलून घेतली, खालच्या खड्ड्यात वाळलेला बारीक गाळ. विकणारा मुलगा म्हणाला, “पावसात काच उघडी राहिली असेल, मॅडम.” मी म्हटलं, “बाळा, आम्ही सांगलीचेच.” पुढे तो काही बोलला नाही.

अशा गाड्या बाजारात येतात कशा? दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. तो सांगाडा लिलावात विकला जातो. घेणारा धुऊन-पुसून सुरू करतो, आरसी बुक रद्द झालेलं नसेल तर गाडी पुन्हा रस्त्यावर. मोठ्या गाड्यांत हे जास्त धोक्याचं, कारण त्यांच्या पोटात वायरी आणि कॉम्प्युटरचे डबे जास्त. पाणी लागलेली जोडणी लगेच बंद पडत नाही, महिन्यांनी कुजत जाते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर मुद्दाम काढून ठेवलाय असं समजा. मुंबईचा २००५ चा पूर असो, आमचे २०१९ आणि २०२१ चे असोत, पूर आलेल्या गावच्या गाडीचा त्या वर्षीचा विम्याचा क्लेम मागा. देत नसतील तर निघून या.

दिल्ली पासिंगच्या गाड्याही स्वस्त दिसतात. तिकडे २०१५ चा हरित लवादाचा आणि २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश होता, डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घालणारा. त्यामुळे कितीतरी मोठ्या डिझेल गाड्या इकडे आल्या. २०२५ मध्ये कोर्टाने कारवाई सैल केली. पण परराज्यातली गाडी म्हणजे तिकडचं एनओसी, इकडचा रोड टॅक्स आणि आरटीओच्या खेपा. हे सगळं किमतीत धरलं तर स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

भाव करताना दोन गोष्टी कामी आल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला, तर जुन्यांचे भावही त्या मानाने उतरायला हवेत. विकणारे जुनेच भाव सांगतात, आपण नव्या गाडीचं कोटेशन समोर ठेवायचं. दुसरं, एका ठिकाणी पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी सांगितला. जुन्या गाडीत तो डीलरच्या नफ्यापुरता लागतो आणि एका घरगुती मालकाने दुसऱ्याला विकली तर लागतच नाही.

आणि ती मर्सिडीज? बघितली, ह्यांनी चालवलीही. कोल्हापूर रस्त्यावर वीस मिनिटं. मी मागे बसले होते, इतका शांत चेहरा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. परत आल्यावर डिकी उघडली तर स्टेपनीने अर्धी जागा खाल्लेली, चाकाची खुर्ची आडवीतिडवी करूनही बसेना. सासूबाईंना खाली वाकून बसताना दोघांनी धरावं लागलं. हे काही बोलले नाहीत. रात्री मात्र माझी भाव लिहिलेली वही स्वतःच मागून घेतली, हेडलाइटच्या आकड्यावर थोडा वेळ बोट ठेवलं आणि म्हणाले, “चालवली ना. झालं.” त्या ‘झालं’चं मला अजूनही थोडं वाईट वाटतं.

शेवटी घेतली ती २०१७ ची टोयोटा कोरोला आल्टिस, १.८ लिटर पेट्रोल. ही गाडी २०२० मध्ये आपल्याकडे बंद झाली, त्यामुळे भाव नरमलेत. पण आमच्या मिस्त्रीकाकांना ती पाठ आहे आणि इंजिनाला बेल्टऐवजी साखळी असल्याने ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. एका निवृत्त गृहस्थांकडून, सात लाख दहा हजारांना, सर्व्हिसच्या पावत्यांच्या फाइलसकट. आधी परिवहनच्या अॅपवर मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, चलन बाकी आहे का ते तपासलं. बोजा होता. मग बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावरच पैसे दिले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या माझ्यासमोर झाल्या. त्यांचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो मालकाचाच राहतो, हे एजंटालाच मला सांगावं लागलं! उरलेल्या पैशातले साठ हजार दुरुस्तीसाठी वेगळे ठेवलेत. गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची, म्हणून आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर रबरी नळ्या बघत राहायला मिस्त्रीकाकांनी सांगितलंय.

बचत गटाच्या बैठकीला ती लांबलचक गाडी न्यायला मला संकोच वाटत होता. समाजसेवा करणारी बाई आणि असली गाडी! वर्गणी मागायला जाताना लोक काय म्हणतील? पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच लावली. पण बायकांनी शोधून काढलीच. एकीने डिकी उघडायला लावली, खुर्ची आत ठेवून बघितली, झाकण लावलं आणि म्हणाली, “वहिनी, गुरुवारी माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस आहे. सकाळी आठला याल का?”

वॅगन-आर अजून दारात आहे. दूध डेअरीवाले सत्तर हजार देतो म्हणतात, “आरसी नंतर बघू, वहिनी,” असंही म्हणतात. ते मात्र चालणार नाही. गाडी विकली तरी आरसीवर नाव आपलं असेल तर अपघाताची भरपाई आपल्या गळ्यात येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. पैसे आणि सह्या एकाच दिवशी होणार असतील, तर सत्तरला ह्यांचीही हरकत नाही. सोमवारी ते आरटीओत येतो म्हणालेत.